आधी पिवळं, मग लाल

माझे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, एका शाळेत रसायनशास्त्र शिकवतात, त्याच शाळेच्या आवारात राहतात आणि त्या आवारातून कायमचं बाहेर पडावं अशी त्यांची फार जुनी इच्छा आहे. कुणी म्हणेल, मग पडा की. पाय आहेत, फाटक आहे. असं म्हणणाऱ्या माणसाने भावोजींना पाहिलेलं नाही, आणि मोठ्या बाईंना तर नाहीच नाही.

आधी घर सांगतो. दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची मागची भिंत हीच प्रयोगशाळेची पुढची भिंत. पलीकडे एखाद्या मुलाने परीक्षानळी जरा जास्त तापवली की अलीकडे ताई भाजीखालचा गॅस बारीक करते. शाळेची घंटा तिच्या खिडकीला खेटून टांगलेली. इतकी वर्षं त्या घंटेवर संसार केल्यामुळे ताईचं दूध बरोबर दुसऱ्या तासाला तापतं आणि सुट्टीच्या दिवशी हमखास उतू जातं. पुढच्या दारातून सायकलींची रांग दिसते, बाजूच्या खिडकीतून कुंपणाची भिंत. भिंतीवर काचा लावल्या आहेत. त्या चोरांसाठी आहेत असं शाळेचं म्हणणं. पण काचांची टोकं आतल्या बाजूला झुकलेली आहेत, हे मी स्वतः खुर्चीवर चढून पाहिलं आहे.

फाटकाच्या किल्ल्या कुलूपरावांकडे. हे शाळेचं भांडार सांभाळतात. खडूपासून आम्लापर्यंत सगळं त्यांच्या ताब्यात आणि सगळं कुलपात. नवा खडू हवा असेल तर जुन्याचा तुकडा आणून दाखवावा लागतो. संध्याकाळी ते फाटक ओढून घेतात. त्यानंतर भावोजी चपला घालून निघाले की त्यांचा प्रश्न ठरलेला.

"कुठे?"

"जरा पाय मोकळे करायला."

"आवारात नाही होत मोकळे?"

मग भावोजी आवारातच पाय मोकळे करतात. पाण्याच्या टाकीला वळसा घालून, सायकलींच्या शेडपर्यंत जाऊन परत. त्यांच्या पायांनी तिथल्या गवतात एक वाट पडली आहे. ती कुठेच जात नाही, गोल फिरून दाराशी येते.

हे सगळं झालं कशामुळे? एका चुकीच्या बाटलीमुळे.

भावोजी त्या शाळेत आले ते कुणाच्या तरी रजेच्या जागेवर, थोड्या दिवसांसाठी. बोचकंसुद्धा पुरतं सोडलं नव्हतं. तेवढ्यात शाळेचा वर्धापनदिन आला. हेडसर म्हणाले, पाहुण्यांना काहीतरी रंगीत दाखवा. रसायनाच्या माणसाला रंगीत म्हटलं की पहिल्यांदा आठवतं शिसं. शिशाच्या क्षाराचं पाण्यासारखं स्वच्छ द्रावण घ्यायचं, त्यात आयोडाईडचं तितकंच स्वच्छ द्रावण ओतायचं, की झर्रकन पिवळाधमक साका तळाशी बसतो. पुस्तकात त्याला अवक्षेप म्हणतात, पण अवक्षेप म्हटलं की मुलं झोपतात आणि साका म्हटलं की जागी होतात, असा भावोजींचा अनुभव आहे. तर शिशाची बाटली शोधायला गेले, ती संपलेली. शेजारी कथलाच्या क्षाराची बाटली उभी. कथील म्हणजे भांड्यांना कल्हई लावतात तो धातू. अंधारं कपाट, कुलूपराव मागे किल्ल्या वाजवत उभे, "सापडलं का? सापडलं का?" या त्यांच्या जपाने डोकं उठलेलं. भावोजींनी घाईत कथील उचललं आणि शिसं समजून मंचावर नेलं.

ओतलं. पिवळं झालं. पाहुण्यांनी माफक टाळ्या वाजवल्या. भावोजी वाकून नमस्कार करणार तोच ते पिवळं गढूळ पाणी नारिंगी व्हायला लागलं. शिशाचं पिवळं पिवळंच राहतं, त्याला पुढची महत्त्वाकांक्षा नसते. इथे मात्र रंग चढतच गेला, आणि द्रावण निवता निवता त्यातून बारीक लाल सुया सुटायला लागल्या. काचेच्या उंच नळकांड्यात वरून खाली, चमकत, सावकाश. भावोजींना घाम फुटला. त्यांना वाटलं, आता हे फुटणार. ते दोन पावलं मागे सरले. सभागृहाला वाटलं, कलाकार आपल्या कलेला जागा करून देतोय.

आणि पहिल्या रांगेत मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणजे संस्थेच्या अध्यक्षा. त्यांनी शाळा एका गळक्या शेडमध्ये काढली आणि नुसत्या आवाजाच्या जोरावर तिची तीन मजली इमारत केली. त्या उभ्या राहिल्या की इमारतसुद्धा ताठ होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या, मग थांबायचं कुणी हे कुणालाच कळेना. योगायोग असा, की त्याच आठवड्यात शाळेची बरीच वर्षं अडलेली मान्यता आली. बाईंनी दोन्ही गोष्टींची गाठ मारली. बाईंनी मारलेली गाठ सुटत नाही.

रजेवर गेलेला माणूस परत आला, त्याला भूगोल दिला. भावोजी राहिले.

तेव्हापासून दर वर्धापनदिनाला शेवटचा कार्यक्रम 'आधी पिवळं, मग लाल'. बाईंचा हिशेब असा की लाल सुया दाट पडल्या की वर्ष चांगलं, विरळ पडल्या की बेताचं. मुलांच्या टायला वर पिवळा आणि खाली लाल पट्टा आला. फाटकाला तेच रंग लागले. मुलांनी भावोजींचं नाव 'सिग्नल' ठेवलं. ताईने ऐकलं आणि म्हणाली, "बरोबरच आहे. पिवळा लागतो, लाल लागतो. हिरवा कुठे लागतोय?"

नवरा-बायकोत असे विनोद फार वर्षांनी होतात आणि ते विनोद नसतात.

बदली माणूस तयार करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. हेडसर म्हणाले, "तुमच्यासारखं करणारा कुणी द्या आणि खुशाल जा." भावोजींनी एक तरुण शिक्षक हाताशी धरला. हुशार, पण टापटिपीचा कळस. कथलाचं द्रावण हवेने बिघडतं. हवा लागली की त्यातलं कथील आपली जात बदलतं, आणि मग त्यात कितीही आयोडाईड ओता, पाण्यात पाणी. म्हणून बाटलीच्या तळाशी कथलाचा एक तुकडा टाकून ठेवायचा असतो, तो बिघडलेल्याला पुन्हा वळणावर आणतो. या टापटिपी माणसाने वर्धापनदिनाच्या आधी बाटली पाहिली, म्हणाला, "ईऽ, यात घाण पडलीय," आणि तुकडा काढून बाटली गाळून, पुसून, फडताळात उजेडाला लावून ठेवली. बाटली लखलखीत, साका शून्य. भावोजींना ऐन वेळी मंचावर धावावं लागलं. दुसऱ्या एका बाई आल्या, त्यांचा हात सढळ. आयोडाईड बेताने घालायचं असतं, जास्त झालं तर आलेला रंगच विरघळून फिकट होतो. त्यांनी माया करावी तसं ओतलं. सुया आल्या आणि गेल्या. त्या वर्षी शाळेच्या गच्चीला गळती लागली. आता गच्ची गळायला आयोडाईड कारण आहे का? पण बाईंनी भावोजींना बोलावून सांगितलं, "यापुढे हात तुमचाच."

ही झाली पूर्वपीठिका. खरी गोष्ट आरशांची आहे.

दूरच्या एका गावात शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आरसे बनवायचा कारखाना काढला. आम्ही त्याला आरसेवाला म्हणतो. त्याच्या आरशांवर डाग पडायचे, म्हणून सुट्टीत त्याने भावोजींना बोलावलं. आरसा करताना काचेवर चांदीचा थर चढवायच्या आधी ती कथलाच्याच पाण्याने धुतात. कथील काचेला अदृश्य असं काहीतरी लावून जातं, म्हणून चांदी धरते. मग ते पाणी वाहून जातं. आरशात कथील दिसत नाही, चांदीसुद्धा दिसत नाही. माणसाला आपलं तोंड दिसतं आणि तो खूश होतो.

भावोजी तिथे आठवडाभर राहिले आणि माणूस बदलून आले. मला म्हणाले, "तिथे ना, कथील आपलं काम करतं आणि निघून जातं. कुणी टाळ्या वाजवत नाही."

"मग करमतं कसं?"

"अरे, तेच तर."

त्यांचे डोळे मी इतके ओले पूर्वी फक्त अमोनियाच्या तासाला पाहिले होते.

आरसेवाल्याने नोकरी देऊ केली. राहायला नदीकाठी घर, घराला कुंपण नाही. ताईने तर त्या घराचे पडदे मनात शिवूनही टाकले. पण आरसेवाल्याची एकच अट. "सर, मोठ्या बाईंचा होकार आणा. त्यांचा माणूस पळवला असं व्हायला नको. मला अजून त्यांची स्वप्नं पडतात." हा माणूस चार गावांत माल विकतो, बँकेच्या साहेबाला नावाने हाक मारतो, आणि मोठ्या बाईंचा फोन आला तर खुर्चीतून उठून बोलतो. उन्हाळा संपेपर्यंत जागा धरून ठेवतो, म्हणाला. त्यानंतर त्याला दुसरा माणूस घ्यावाच लागणार होता.

भावोजी बाईंकडे गेले. मला सोबतीला नेलं, कारण ताई म्हणाली, "हे एकटे गेले तर तिथून नवीन काम घेऊन येतील."

बाईंनी चहा दिला आणि सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या शांतपणे ऐकतात तेव्हा समजावं की निकाल आधीच लागलेला आहे.

"तिकडे काय मिळणार तुम्हाला?" बाई म्हणाल्या.

"काही नाही. म्हणजे तेच काम. कथलाचंच."

"कथलाचंच ना? मग इथे काय वाईट आहे?"

"इथे... वर्षातून एकदा..."

"वर्षातून एकदाच तर करायचं असतं तुम्हाला. बाकीचं वर्षभर मोकळेच आहात."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहाकडे पाहिलं.

"बरं," बाई म्हणाल्या, "ज्या दिवशी तुमच्या हातून होणार नाही, त्या दिवशी जा. मी स्वतः फाटकापर्यंत सोडायला येईन."

बाई हे गमतीने बोलल्या. पण कोंडलेल्या माणसाला गंमत कळत नाही, फट कळते. घराच्या दाराशी आल्यावर भावोजी म्हणाले, "माझ्या हातून होणार नाही."

आता बिघडवणं किती सोपं. बाटलीत साधं पाणी भरून न्या, काम झालं. मी तसं सुचवलंही. भावोजी असे बघायला लागले जणू मी त्यांना कुणाच्या ताटात विष कालवायला सांगितलं.

"पाणी नेलं तर ती फसवणूक झाली."

"आणि तुम्ही करणार ते?"

"मी तुकडा काढून बाटली उघडी ठेवणार. हवा लागून ती आपोआप बिघडेल. तो रसायनाचा स्वभाव आहे. त्यात मी कोण?"

सज्जन माणसाला वाकडं पाऊल टाकायचं असलं की तो आधी पाऊल मोजून घेतो. पण अडचण अशी की बाटली भावोजींनी जन्मभर जिवापाड सांभाळलेली. ती उघडी टाकली तरी बिघडायला तयार होईना. रोज परीक्षानळीत थेंब घेऊन बघायचे, रोज लाल. वर्धापनदिन जवळ आला. शेवटी ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेले आणि माशांच्या टाकीतला हवेचा पंप काढून आणला. त्याची नळी बाटलीत सोडली. बुडबुडबुडबुड. ताईच्या ओट्याच्या भिंतीपलीकडे दिवसरात्र ते चालू. ताई म्हणाली, "झोपेतसुद्धा वाटतं, कुणीतरी हुक्का ओढतंय."

माशांच्या बाई भांडायला आल्या. "सर, माझे मासे वर येऊन तोंडं उघडतायत."

"थोडे दिवस, बाई. फार महत्त्वाचं आहे."

"त्यांच्यासाठीही आहे हो."

भावोजींनी मग दोन्हीकडे आळीपाळीने पंप लावला. अर्धा दिवस बाटली, अर्धा दिवस मासे. कारस्थान करतानाही वेळापत्रक पाळणारा हा माणूस. पण अखेर एका दुपारी परीक्षानळीत थेंब टाकला तो स्वच्छच राहिला. पाण्यात पाणी. त्या दिवशी ताईने बॅगा माळ्यावरून काढल्या आणि उन्हात ठेवल्या.

वर्धापनदिन आला. सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत बाई. भावोजी मंचावर आले. त्यांनी बिघडलेलं द्रावण उंच नळकांड्यात घेतलं, आयोडाईडची बाटली उचलली आणि ओतलं.

काही झालं नाही.

शाळेत इतकी शांतता मी परीक्षेतही ऐकलेली नाही. भावोजींनी अजून थोडं ओतलं. पाणी स्वच्छ. नळकांड्याच्या आरपार मागच्या पडद्याची सुरकुतीसुद्धा दिसत होती. मागच्या रांगेतून एका लहान मुलीचा आवाज आला, "पिवळं कधी?" आणि कुणीतरी तिला गप्प केलं. भावोजी म्हणाले, "झालं नाही." त्यांचा चेहरा उतरलेला होता, आणि ते सोंग नव्हतं. पोटच्या पोराला मुद्दाम नापास करणाऱ्या मास्तरासारखे ते उभे होते. ताई माझ्या शेजारी हातरुमाल चावत बसली होती. दुःखाने की आनंदाने, हे तिलाही सांगता आलं नसतं.

बाई उठल्या आणि निघून गेल्या.

आम्ही घरी आलो. भावोजी खुर्चीत बसले, बूटही काढले नाहीत. म्हणाले, "उद्या बोलावतील. उद्या सोडतील." ताईने बॅगेत चादरी भरायला घेतल्या. मी म्हणालो, सुंठीवाचून खोकला गेला. त्यावर ताईने मला पडदे काढायच्या कामाला लावलं.

बोलावणं आलं, पण भावोजींना नाही. कुलूपरावांना.

हेडसरांनी शोध लावला होता की दोष आयोडाईडचा. कथलाची बाटली सरांची, तिच्यात दोष असणं शक्यच नाही. आयोडाईड मात्र या वर्षी कुलूपरावांनी नव्या दुकानातून आणलं होतं. स्वस्त मिळालं म्हणून. म्हणजे भेसळ. म्हणजे शाळेची अब्रू कुलूपरावांनी घालवली. बाईंनी त्यांना सांगितलं, किल्ल्या ठेवा आणि घरी जा.

कुलूपराव आमच्या दारात आले. किल्ल्यांचा जुडगा कमरेला नव्हता, त्यामुळे ते चालले तरी आवाज होत नव्हता. इतका माणूस ओळखीचा, पण कोण आलंय हे आम्हाला पटकन कळलंच नाही.

"सर," ते म्हणाले, "मी पुडी उघडूनसुद्धा पाहिली नव्हती हो. सील होतं तसं दिलं."

"मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे, पण बाईंना?"

ते दारातच थांबले. आत या म्हटलं तरी येईनात. या माणसाने भावोजींना इतकी वर्षं फाटकात अडवलेलं. पाय मोकळे करायला जाऊ दिलं नाही, खडूचे तुकडे मोजून घेतले, मान्य. पण त्याचं घरही याच आवारात होतं, पलीकडच्या टोकाला, आणि तेही संस्थेचंच. त्याला जायला नदीकाठ नव्हता.

ते गेल्यावर ताईने हातातली चादर बॅगेवर ठेवली. म्हणाली, "सांगून टाका."

"तुला कळतंय ना, सांगितलं तर काय होईल?"

"कळतंय. मला काय दूध उतू गेल्यावरच कळतं असं वाटतं का तुम्हाला?"

मी पडदे हातात घेऊन उभा होतो. लावायचे की घडी घालायची, कुणी सांगेना.

सकाळी भावोजी बाईंच्या खोलीत गेले. मी सोबत होतो. हेडसरही होते. भावोजी उभ्यानेच म्हणाले, "आयोडाईड चांगलं आहे. द्रावण मी बिघडवलं. मुद्दाम."

हेडसर हसले. "सर, तुमचं मन मोठं आहे. पण एका माणसाला वाचवायला स्वतःवर इतकं घ्यायचं?"

"मी पंप लावून बिघडवलं."

"पुरे आता. तुमच्याच्याने व्हायचं नाही ते. बाई, बघा, अशी माणसं राहिली नाहीत."

माणसाने जन्मभर कमावलेला चांगुलपणा असा ऐन वेळी घात करतो. चोर म्हणाला असता मी चोरी केली, तर लगेच पटलं असतं. भावोजींनी तुकड्याचं सांगितलं, माशांचं सांगितलं, हेडसरांचे डोळे आदराने अधिकच भरून येत गेले.

"आयोडाईड चांगलं आहे ना?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग त्याच आयोडाईडने करून दाखवा. आत्ता. झालं तर कुलूपरावांच्या किल्ल्या परत देते."

भावोजींना तेव्हा कळलं. मलाही कळलं. झालं तर कुलूपराव सुटणार, आणि झालं म्हणजे त्यांच्या हातून होतं हेही ठरणार. नाही झालं तर फाटक उघडं, पण कुलूपराव त्यातून पहिले बाहेर.

प्रयोगशाळेत सगळे जमले. कुलूपरावांनाही बोलावलं. ते दाराजवळ हात मागे बांधून उभे राहिले. भावोजींनी कथलाचा क्षार नवा घेतला, आम्लात विरघळवला, किंचित गरम केला. हात नेहमीसारखा स्थिर. मग कुलूपरावांनी आणलेलं तेच आयोडाईड पाण्यात विरघळवून घेतलं आणि ओतायला लागले. पिवळा ढग आला. सगळ्यांनी श्वास घेतला.

इथे एक जागा होती. थोडा हात सैल सोडायचा, आयोडाईड चार थेंब नव्हे, चांगलं घसघशीत जास्त जाऊ द्यायचं, की रंग फिकटून विरघळला असता. कुणाला कळलं नसतं. हात चुकला म्हणाले असते. नंतर भावोजी मला म्हणाले, "मी ती जागा पाहिली. दिसत होती स्पष्ट. फाटकासारखी उघडी." तेव्हा ते कुलूपरावांकडे बघत होते की नळकांड्याकडे, मी विचारलं नाही.

हात जिथे थांबायचा तिथे थांबला. पिवळ्याचं नारिंगी झालं, आणि द्रावण निवायला लागलं तशा लाल सुया सुटल्या. इतक्या दाट मी कधीच पाहिल्या नव्हत्या. तळ लालभडक भरत गेला. कुलूपराव दाराशीच खाली बसले. हेडसर टाळ्या वाजवायला लागले, पण बाईंनी त्यांच्याकडे पाहिल्यावर त्यांनी हात खिशात घातले.

बाईंनी जुडगा कुलूपरावांच्या हातात दिला. मग सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि भावोजींना थांबवलं. मी त्यांचा मेहुणा असल्यामुळे सगळ्यांत मोडत नाही, असं मी मनाशी ठरवलं आणि तिथेच थांबलो.

"तुम्ही मुद्दाम केलंत," बाई म्हणाल्या.

"मी तेच सांगतोय."

"हेडसरांना पटणार नाही. मला पटलं. तुमच्या हातून चुकून बिघडतं हे मला कालही पटलं नव्हतं." त्या नळकांड्याकडे पाहत राहिल्या. "इतके दिवस पंप लावून, नेमकं, बरोबर त्या दिवसापर्यंत बिघडवलंत. इतकं नीट बिघडवणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?"

"बाई, मला जायचंय."

"माहीत आहे." त्यांचा आवाज खाली आला. त्यांचा आवाज खाली येऊ शकतो हे मला नवीन होतं. "मलाही जायचं होतं कुठेतरी. शाळा काढली तेव्हा दोन वर्षांसाठीच काढली होती. आता चष्मा लागला, गुडघे गेले. पुढच्या वर्षी बघू."

'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य त्या शाळेच्या इमारतीला सिमेंटसारखं लागलेलं आहे. भावोजींनी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, याचा बाईंनी बाईंसारखा अर्थ घेतला.

आरसेवाल्याला फोन मीच केला. तो उठून उभा राहिला असावा, कारण खुर्ची सरकल्याचा आवाज आला. म्हणाला, "सरांच्या हाताने पुन्हा लाल पडलं? वा, वा." मग थोडा थांबून म्हणाला, "मग तर बाई सोडणारच नाहीत." आणि पुढच्या महिन्यात त्याने दुसरा माणूस घेतला. त्याला दोष कसा द्यायचा?

संध्याकाळी मी पडदे परत लावत होतो. ताई बॅगेतल्या चादरी कपाटात ठेवत होती. भावोजी चपला घालून उभे होते, बाहेर जावं की नाही या विचारात.

ते म्हणाले, "एक बॅग राहू दे भरलेली."

"कशाला?"

"अशीच. दिसली की बरं वाटतं."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, एक बॅग बंद केली आणि दाराआड उभी केली. "बरं. पण तिच्यात तुमचे स्वेटर आहेत. थंडी पडली की मला काढायलाच लागतील."

भावोजी फाटकापर्यंत गेले. कुलूपरावांनी कुलूप काढलं. काही न विचारता फाटक उघडून बाजूला झाले. भावोजी उघड्या फाटकात बराच वेळ उभे राहिले, समोरचा रस्ता पाहत. मग कुलूपरावांना म्हणाले, "लावून घ्या. वारा येतोय."